ऊन दगडावर येईपर्यंत

आमच्या गावात वर्षातून एक दिवस सगळे म्हातारे गप्प बसतात. तो दिवस फार सुखाचा जातो, असं आमच्या सुना म्हणतात.

चौथ्या महिन्यातला उपास तो. पहिल्या दिवशी दुपारी एकदाच जेवायचं. दुसऱ्या दिवशी अन्न नाही, पाणी नाही, बोलणं नाही. हातात माळ, आणि तोंडातून निघालंच तर ओम मणि पेमे हुं, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तोंड उघडतं. हे सगळं वर गोम्पात, आमच्या मठात. खाली गावात त्या दिवसांत कोणी नसतंच म्हणा ना. तरणी माणसं रस्त्याच्या कामावर, शेळ्या आणि शेळ्यांमागच्या बायका वरच्या कुरणात.

त्या वर्षी उपासाला बसायच्या आदल्या संध्याकाळी तारचिन माझ्याकडे आला. तारचिन माझा जुना सोबती, माझ्यापेक्षा थोडा मोठा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चुलीपाशी बसला, चहा घेतला, माळ ओढत राहिला. जुनिपरच्या मुळाचे मणी होते त्याच्या माळेत, लोण्याच्या हातानं काळे आणि गुळगुळीत झालेले.

"तुंडुप," तो म्हणाला, "मी मरताना माझ्या कानात जप कोण करणार?"

"मी करीन की."

"तू? तुझा जप म्हणजे पडसं झालेला याक. मी घाबरून भलतीच वाट धरीन."

"मग लामा करतील."

"लामा हिवाळ्यात शहरात असतात. आणि मी हिवाळ्यातच मरणार. आमच्या घरातलं एक माणूस उन्हाळ्यात मेलेलं नाही." त्यानं छातीवर हात ठेवला. "यंदा आतून शिट्टी वाजते बघ. ऐक."

मी ऐकलं. वाजत होती.

श्वास थांबला तरी कान लगेच मिटत नाही, असं आम्ही मानतो. त्या वेळी ओळखीच्या आवाजात जप कानी पडला, तर माणूस बावरत नाही. अनोळखी मुलखात घरचं कोणीतरी हाक मारत सोबत चाललंय असं त्याला वाटतं. तारचिनच्या घरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं.

"पालजोरला सांगू का मी?" मी विचारलं.

तारचिननं माळ गळ्यात घातली आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "सांगून केलेला जप काय कामाचा?"

पालजोर त्याचा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लावून घर. आणि दोघांत अकरा वर्षं शब्द नाही.

झालं होतं ते एवढंच. त्या वर्षी तारचिन गावाचा पाटकरी होता, पाटाचं पाणी वाटायचं काम त्याच्याकडे. आमच्या पाण्याच्या पाळ्या घड्याळावर चालत नाहीत. समोरच्या डोंगरात एक लाल दगड आहे. सकाळचं ऊन उतरत उतरत त्या दगडाला लागलं की एकाची पाळी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. त्या सकाळी पालजोरचं वावर भिजत आलं होतं, फक्त खालची एक पायरी राहिली होती. पालजोर फावडं टेकून म्हणाला, "अचो-ले," आमच्यात थोरल्या भावाला अशी हाक मारतात, "एक चहा होईपर्यंत थांब."

तारचिन म्हणाला, "ऊन दगडावर आलं." आणि दारं मोडून पाणी कुन्झेसच्या वावराकडे वळवलं.

कुन्झेस विधवा. पाळी तिची होती. नियमानं तारचिन बरोबर होता, हे सगळं गाव तेव्हाही म्हणालं आणि आजही म्हणेल. पण पुढची पाळी यायच्या आत असं ऊन पडलं की पालजोरची ती पायरी उभीच्या उभी करपली. तो करपलेल्या जवाची पेंडी घेऊन भावाच्या दारात आला, ती उंबऱ्यावर टाकली आणि म्हणाला, "माझंही ऊन दगडावर आलं, अचो. तुझी माझी पाळी संपली."

तेव्हापासून बंद. झोची, म्हणजे याक आणि गाईच्या संकराच्या बैलांची, जोडी पालजोरची, नांगर तारचिनचा, म्हणजे एकमेकांवाचून पेरणी होत नव्हती. मग ते कुत्र्याशी बोलायचे. पालजोर भिंतीपलीकडे मोठ्यानं म्हणायचा, "ए काळ्या, शेजाऱ्याला सांग, उद्या नांगर लागेल." भिंतीअलीकडून तारचिन म्हणायचा, "काळ्या, नेणाऱ्याला सांग, फाळ धार लावून परत आण." कुत्रं मेलं तरी त्याच्या नावानं निरोप चालूच होते.

उपासाला दोघंही दरवर्षी यायचे. आबी पुटित, गावातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट बाई, दरवर्षी तेच म्हणायची, "या दोघांना काय उपास? आपण एक दिवस गप्प बसतो, हे वर्षानुवर्षं बसलेत. पुण्य सगळं यांच्याच घरात."

त्या वर्षीही म्हणाली. वर आणखी म्हणाली, "अरे, मेरुमणी आला की माळ उलटी फिरवतात. तुम्ही दोघं मेरूला अंगठा लावून बसलात. कोणीतरी फिरवा!"

लोक हसले. ते दोघं हसले नाहीत. नेहमीप्रमाणे त्यांच्या मधे मला बसवलं. सगळे म्हणायचे, तुंडुप म्हणजे या दोघांमधला बांध.

पहिल्या दिवशी बोलायची मुभा असते. दुपारच्या जेवणानंतर लामा लोडेन आम्हाला बसवून शिकवायचे. माळ डाव्या हातात, छातीपाशी. मणी अंगठ्यानं आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. डोळे मिटून समोर चेनरेझिग, करुणेचा बोधिसत्त्व, आणायचा, पांढरा, शांत, आणि त्याच्या छातीतून उजेड आपल्यात येतोय असं पाहायचं. मला एव्हाना अक्षरं लागली होती, उतारवयात का होईना, म्हणून पोथीची पानं वाचायला माझ्याकडे यायची. मी अडखळलो की पालजोर हळूच म्हणायचा, "वाचतोयस की दगड फोडतोयस?"

त्या वर्षी आबी पुटितनं हात वर केला. "लामा-ले, खरं सांगते. डोळे मिटले की मला चेनरेझिग दिसत नाही. माझी हरवलेली शेळी दिसते."

"दिसू दे," लामा म्हणाले. "तिलाही जप ऐकू दे."

"पण मग मन पळालं ना?"

लामांचे वडील आमच्याच खोऱ्यातले शेतकरी होते. "तुम्ही सगळे पाण्याची दारं धरणारी माणसं," ते म्हणाले. "पाणी भलतीकडे फुटलं तर काय करता? त्याला शिव्या देता?"

"देतो," पालजोर म्हणाला.

सगळे खो खो हसले. लामाही हसले. "दिल्यानं थांबतं?"

"नाही. ढेपळ लावावं लागतं."

"तेच. गवताच्या मुळ्यांसकट मातीचं एक ढेपळ काढायचं आणि फुटलं तिथं बसवायचं. माळेतला एकेक मणी म्हणजे एकेक ढेपळ. मन फुटून गेलंय हे कळलं की एक मणी ओढायचा. पुन्हा फुटेल. पुन्हा एक मणी. किती वेळा फुटलं हे मोजायचं नाही, आणि पाण्यावर रागवायचं नाही. पाणी वाईट नसतं, त्याला उतार मिळालेला असतो."

मला ते आवडलं, पण मनात म्हटलं, बोलायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मनाला उतार मिळाला. ताकाची आठवण झाली. मग ताकाच्या मडक्याला गेलेला तडा आठवला, मग तो पाडणारा नातू. मणी ओढला. ताक. मणी. नातू. जीभ कातड्यासारखी झाली होती आणि जप नुसता ओठांवरून वाऱ्यासारखा जात होता. मग कधीतरी, साष्टांग घालून घालून गुडघे बोलेनासे झाल्यावर, मला कळलं की जप मी करत नाहीये. तो आत कुठंतरी चालू आहे आणि मी बसून ऐकतोय, जसं अंथरुणात पडल्या पडल्या पाटाचं पाणी ऐकू येतं. फार वेळ टिकलं नाही ते. टिकलं हे कळलं आणि गेलं.

दुपारी, दोन बैठकांच्या मधे, आम्ही गोम्पाच्या गच्चीवर बसलो होतो. त्या दिवशी ऊन कडक होतं, आणि अशा दिवशी वरचं बर्फ भराभर वितळतं. तारचिन कठड्याशी होता, खाली गाव आणि वावरं दिसतील असा. पालजोरनं सवयीनं त्याच्याकडे पाठ केली होती आणि भिंतीकडे तोंड करून माळ ओढत होता.

तारचिनचा जप एकदम मोठा झाला.

"ओम मणि पेमे हुं!"

सगळे दचकले. आबी पुटितनं डोळे वटारले आणि दटावणीच्या सुरात म्हटलं, "ओम मणि पेमे हुं," म्हणजे हळू बोल, इथं कोणी बहिरं नाही. मौनाच्या दिवशी आमच्या बायका याच सहा अक्षरांत कुत्री हाकलतात आणि मांजरांना ओरडतात. कोणालाही बरोबर कळतं.

तारचिननं ऐकलं नाही. आणखी मोठ्यानं म्हणाला, पालजोरच्या पाठीकडे बघून. पालजोरला वाटलं, मोठा भाऊ आपल्या भक्तीचं प्रदर्शन मांडतोय, किंवा आपल्याला डिवचतोय. त्यानं टोपी कानावर ओढली आणि भिंतीच्या आणखी जवळ सरकला.

मी अजून खाली पाहिलं नव्हतं. मी तारचिनकडेच पाहत होतो. त्याच्या तोंडात शब्द आलेला दिसत होता, खरा शब्द, दातांशी थांबलेला. तो बोलला असता तर उपास मोडला असता. पण त्याला अडवणारं तेवढंच नव्हतं, असं मला वाटतं. तो बोलला असता तरी पालजोर वळला नसता. अकरा वर्षं जो आवाज ऐकायचा नाही असं ठरवलंय, तो एका दुपारी कसा ऐकू येणार?

तेव्हा तारचिन उठला. त्यानं आपली माळ काढली आणि पालजोरच्या मांडीवर ठेवली. मग काही न म्हणता गच्चीच्या पायऱ्या उतरून खाली निघाला.

दुसऱ्याच्या माळेला आम्ही हात लावत नाही. माळ तेव्हाच दुसऱ्याच्या मांडीवर येते, जेव्हा माळेचा धनी गेलेला असतो, आणि ती ज्याच्या मांडीवर येते तो त्याचा सगळ्यांत जवळचा असतो. जिवंत माणसानं आपली माळ अशी ठेवलेली मी तरी पाहिली नव्हती. पालजोर तिच्याकडे निखारा पडल्यासारखा बघत राहिला. मग ताडकन उठला, कठड्याशी गेला आणि त्यानं खाली पाहिलं.

मीही पाहिलं. पाट फुटला होता. बर्फाच्या पाण्याचा लोंढा बरोबर पालजोरच्या वावराच्या माथ्यावर बांध फोडून बाहेर पडत होता. जव नुकते बोटभर झाले होते. गाळ आणि दगड घेऊन ते पाणी वरच्या पायरीच्या कोपऱ्यात शिरलं होतं, आणि खालच्या साऱ्या पायऱ्या त्याच्या वाटेत होत्या. तारचिन दगडावरून दगडावर पाय ठेवत, छातीवर हात धरून, त्या दिशेनं उतरत होता.

पालजोरनं ती माळ गळ्यात घातली आणि धावला. त्याची स्वतःची माळ गच्चीवरच राहिली. मी दोघांच्या मागे, जसं जमेल तसं.

आम्ही पोचलो तेव्हा तारचिन भगदाडात बसला होता. अक्षरशः बसला होता, लोंढ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी दोन्हीकडचा बांध धरून. लहानपणी हे दोघं असंच करायचे. पाट फुटला की मोठा अंगानं पाणी अडवून बसायचा आणि धाकटा ढेपळं आणायचा. पण तेव्हा त्याच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती. बर्फाचं पाणी त्याच्या खांद्यावरून उडत होतं. ओठ निळे, आणि ओठांवर जप.

पालजोरनं कोणाचं तरी फावडं बांधावर पडलं होतं ते उचललं आणि गवत खोदायला लागला. तो ढेपळ काढायचा, मी वाहायचो, तारचिन ते हातात घेऊन आपल्या बाजूला बसवायचा. एक ढेपळ मी चुकीच्या जागी ठेवलं.

"ओम मणि पेमे हुं," तारचिन म्हणाला, म्हणजे तिथं नाही, खाली.

"ओम मणि पेमे हुं," पालजोर म्हणाला, म्हणजे तुंडुपला काय सांगतोस, मी आलोच.

मग मला फारसं काम उरलं नाही. आधी एक म्हणायचा, मग दुसरा. आणखी डावीकडे. हे मोठं आहे, धर नीट. थांब, पाय रोव. सगळं त्याच सहा अक्षरांत. मी बांधावर उभा राहून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, अकरा वर्षांत या गावात इतकं बोलणं झालं नसेल.

पालजोरही आता गुडघाभर पाण्यात होता आणि आम्ही तिघंही भिजलो होतो. कालपासून घसा कोरडा. तोंडावर शिंतोडे उडत होते आणि प्रत्येक जण ओठांवरचं पाणी बाहीनं पुसून टाकत होता. एक थेंब कोणी गिळला नाही.

शेवटी भगदाडात तारचिन बसला होता तेवढीच जागा उरली. पालजोरनं एक मोठा चपटा दगड उभा धरला, तारचिनचा दंड पकडला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. दगड बसला. पाणी पुन्हा पाटानं जाऊ लागलं. वरच्या पायरीचा कोपरा गाळात गेला होता, बाकीचं शेत वाचलं.

तारचिन कापत होता. पालजोरनं आपला लोकरी अंगरखा काढून त्याच्या अंगावर टाकला आणि कमरेचा पट्टाही त्यानंच बांधला, लहान मुलाला बांधतात तसा, घट्ट. मग एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी, असे आम्ही चढ चढलो. वर गच्चीवर सगळे कठड्याशी उभे होते. आबी पुटितनं आम्हाला पाहून एकदाच जप म्हटला, आणि त्याचा अर्थ काय होता ते मी सांगत बसत नाही, तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळच्या बैठकीत लामांनी तारचिनला भट्टीजवळ बसवलं. तो बोटांच्या पेरांवर जप करत होता, कारण माळ पालजोरच्या गळ्यात होती. पालजोर ती काढत नव्हता आणि देतही नव्हता. स्वतःची माळ हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता, नेहमीसारखाच. मला काही कळेना. पाट बांधला, शेत वाचलं. पण हे पाण्यासाठी झालं की भावासाठी? शेजाऱ्याचा पाट फुटला तरी माणूस धावतोच. उद्या तोंड उघडायची मुभा मिळाल्यावर हा पुन्हा मेलेल्या कुत्र्याशी बोलेल, असंच मला वाटत होतं. तारचिनलाही तेच वाटत असावं. तो भट्टीतल्या आगीकडे पाहत होता आणि त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा त्याच एका पेरावर थांबत होता.

पहाटे पूजा आटोपली. तीर्थाचं पाणी आलं, मग सातूची पातळ पेज. मौन सुटलं, पण पहिला शब्द काढायला नेहमी सगळे लाजतात. लोण्याच्या चहाची किटली फिरू लागली. पालजोरनं ती वाढणाऱ्याच्या हातातून घेतली. माझ्यासमोरून गेला, मला ओलांडून. भट्टीपाशी भावासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या लाकडी वाटीत चहा ओतला. गळ्यातली माळ काढून वाटीशेजारी ठेवली.

"दोरा झिजलाय," तो म्हणाला. "मेरूपाशी तर एकच धागा उरलाय. कळत नाही का तुला?"

तारचिननं माळ उचलून मेरूपाशी बोट फिरवलं.

"नवा ओवून देतो. दे इकडे नंतर." पालजोरनं वाटी त्याच्या हातात दिली. "आधी चहा पी, अचो-ले. सावकाश पी. ऊन अजून दगडावर आलेलं नाही."

तारचिननं वाटी दोन्ही हातांत धरली.

"नोनो," त्यानं धाकट्या भावाला हाक मारली, "तेव्हा मी थांबायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

तेवढंच. मग आबी पुटित मागून म्हणाली, "आता माझ्या वाटीत कोणी ओतणार का, की मी दुसरा उपास धरू?" आणि सगळे एकदम बोलायला लागले.

तारचिन त्या हिवाळ्यात काही गेला नाही. आम्ही त्याला चिडवत होतो, की उगाच घाई केलीस. तो गेला पुढच्या हिवाळ्यात, नदी पार गोठल्यावर. लामा शहरात होते. आदल्या दिवसापासून पालजोर त्याच्या उशाशी होता. मी पायाशी बसलो होतो, माळ घेऊन, याकासारखा आवाज दाबून.

श्वास लांबत गेला, आणि एकदा गेला तो आला नाही. पालजोर खाली वाकला. मला वाटलं होतं, त्याचा आवाज फुटेल. फुटला नाही. त्यानं भावाच्या कानाशी ओठ नेले आणि हळू, स्पष्ट, न थांबता जप सुरू केला. तो सूर मी ओळखला. तो प्रार्थनेचा सूर नव्हता. पाण्यात उभं राहून त्यानं ज्या सुरात सांगितलं होतं, तोच. आणखी थोडं डावीकडे. हां, तिथं. पाय रोव. मी आलोच.